सिग्नीला हाक मारायची राहिली

१२ एप्रिल, शनिवार

बियाण्यांच्या दुकानदाराने नाताळात फुकट वाटलेली ही डायरी आजपर्यंत कोरी होती. आज उघडली, कारण यंदा शिवणाचा धंदा पहिल्यांदाच माझा एकटीचा आहे आणि दिवसभरात कोणाला काय कबूल केलं ते डोक्यात राहत नाही. लिहायचं आणि पान उलटायचं. मागचं वाचत बसायची सवय मला नाही. उसवलेलं बघत बसलं की पुढचं शिवून होत नाही.

प्रॉम जवळ आलाय. अकरावी-बारावीच्या मुली वर्षभर ढगळ स्वेटरात काढतात आणि वर्षअखेरच्या या एका नाचासाठी एप्रिलात खडबडून जाग्या होतात. फार्गो शहरात जाऊन झगे आणतात, सगळे ताडमाड बाईच्या मापाचे. मग माझ्या दारात येऊन, "मार्लिस काकू, खालून एवढंसं आखूड करून द्याल?" एवढंसं म्हणजे वीतभर. पुढच्या खोलीत दांडीवर झगे खेटून लटकलेत. प्रत्येकाला नावाची चिठ्ठी टाचलेली.

सिग्नीचा झगा मात्र मी स्वतः शिवतेय. हिरवट निळं सॅटिन, मागे खरी बटणं. आज तिला स्टुलावर उभी करून माप घेतलं.

"आई, गळा अजून खाली."

"अजून खाली नेला तर त्याला गळा नाही, पोट म्हणावं लागेल."

"तू ना, जन्मजात चर्चच्या तळघरात कॉफी ओतणारी सोवळी बाई आहेस."

"आणि तू त्या बाईच्या पोटची. सरळ उभी राहा, कार्टे."

तिला बरोबर नेणार आहे तो नेल्स, ओल्सेथांचा. प्रॉमला येतेस का हे विचारायला मुलं इथे काय काय सोंगं करतात. या पठ्ठ्याने पांढऱ्या प्लास्टिकात गुंडाळलेला गवताचा भला थोरला गठ्ठा ट्रॅक्टरने आमच्या अंगणात आणून टाकला. त्यावर निळ्या रंगात, 'सिग्नी, प्रॉमला येशील?' मी म्हटलं, "अरे, माणसं फुलं आणतात." तर म्हणतो, "फुलं चार दिवसांत सुकतात, काकू. हा हिवाळाभर टिकतो."

आणि एक. सिग्नीची मरणाच्या नाटकात निवड झालीय. तिला फार आनंद झाला. मला नाही.

१६ एप्रिल, बुधवार

शाळेत पालकांची बैठक. समुपदेशक ग्वेन हॉगलंड बाईंनी सगळं समजावून सांगितलं. दर वर्षी असतं, पण आपल्या पोराचं नाव त्यात येईपर्यंत कोण लक्ष देतं! प्रॉमच्या रात्री पिऊन गाड्या हाणू नयेत म्हणून हा धडा. शाळेसमोर चेपलेली गाडी आणून ठेवतात. काळी कफनी घातलेला 'मृत्यू' वर्गावर्गातून एकेका मुलाला उठवून नेतो. त्याच्या चेहऱ्याला पांढरा रंग फासतात. तिथपासून ते मूल मेलेलं. बोलायचं नाही, हसायचं नाही, कोणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही. बाकीच्यांनीही त्यांच्याकडे बघायचं नाही. रात्र चर्चच्या तळघरात काढायची, घरी फोनसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बास्केटबॉलच्या हॉलमध्ये सगळ्या शाळेसमोर आईवडिलांनी माइकवर यायचं, मुलाला पूर्ण नावाने हाक मारायची आणि ओल्या फडक्याने तोंड पुसायचं. मग ते मूल जिवंत.

एका बापाने विचारलं, "आणि नाही मारली हाक तर?"

सगळे हसले. ग्वेन हॉगलंड हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आतापर्यंत प्रत्येक आईबापाने मारलीय."

मला हे अभद्र वाटतं. हातीपायी धड पोरीला आपणच मेलेली म्हणायचं आणि मग चारशे लोकांसमोर गळा काढायचा. आमच्या घरात असलं कोणी केलेलं नाही. तिचे बाबा गेले तेव्हाही मी लोकांसमोर डोळे कोरडे ठेवले, मागे स्वयंपाकघरात जाऊन रडले. आम्ही इकडची माणसं गायींनाच काय त्या मोठ्याने हाका मारतो.

घरी आल्यावर सिग्नीला म्हटलं, "नाही म्हणून सांग त्यांना."

"आई, एक दिवस मरायला काय जातं? वर्ग बुडतो तो फायदाच."

२२ एप्रिल, मंगळवार

मुख्याध्यापकांच्या केंड्राचा झगा द्यायला शाळेत गेले होते. नेमकी तेव्हाच 'मृत्यू'ची फेरी चाललेली. कफनीखाली पोलीस खात्याच्या रॉयचे बूट दिसत होते, तरी अंगावर काटा आला. मागून मेलेली मुलं रांगेने. बहुतेकांना हसू आवरत नव्हतं. एक मुलगा तर माझ्याकडे बघून डोळा मारून गेला.

सिग्नी शेवटी होती. पांढऱ्या रंगाने तिच्या भुवयाही पुसून टाकल्या होत्या. मी हळूच म्हटलं, "महाराणी, मेल्यावर तरी केस विंचरायचे." वाटलं, फिस्सकन हसेल, तिला हसू कधी धरवत नाही. ती थांबली. माझ्याकडे बघत होती, पण नजर माझ्यापाशी थांबत नव्हती, मागच्या भिंतीवर जात होती. मी मागे वळून पाहिलंसुद्धा. भिंतीवर काही नव्हतं.

सोंग छान वठवते, बापावर गेलीय. पण मला भीती वाटली हे इथे लिहून ठेवते, कोणी वाचणार नाही म्हणून.

२३ एप्रिल, बुधवार

चुकलं जरा. सकाळी निघणार तर केंड्रा रडत दारात. झग्याची चेन उसवली. तिला बसवून शिवून दिली. खरं सांगायचं तर काम थोडक्यातलं होतं, मीच ते ताणलं. माइक, चारशे लोक, ओलं फडकं, हे सगळं मला टाळायचं होतं. म्हटलं, उशीर झाला तर ग्वेन हॉगलंड मारतील हाक. कोणी तरी मारेलच.

पोचले तर सगळं आटोपलेलं. दोन मुलं खुर्च्या मिटत होती. बाकीची मुलं आईबापांबरोबर केक खायला गेलेली. मंचावर एकच खुर्ची उरली होती आणि तिच्यावर सिग्नी, हात मांडीत, चेहरा तसाच पांढरा.

मला ओशाळल्यासारखं झालं. "चल गं बाई, उठ. गाडी चालू ठेवून आलेय."

ती उठली आणि मुकाट्याने मागे आली. गाडीत मी तिला कागदी रुमाल दिला. तिने तो हातात धरून ठेवला. घरी साबण, मग खोबरेल, मग शिवणाच्या मशीनचं तेलसुद्धा लावून पाहिलं. रंग गेला. पण रंग जाऊनही ती फिकटच दिसते.

रागावली असेल. रागवायचा तिला हक्क आहे.

२५ एप्रिल, शुक्रवार

अजून बोलत नाही. काल सकाळी खिडकीतून बघत होते. ती रस्त्याच्या टोकाला दप्तर घेऊन उभी होती, शाळेची बस आली आणि वेग कमी न करता निघून गेली. बहुतेक नवीन ड्रायव्हर असेल. मीच सोडून आले. दुपारी शाळेचा तो यंत्राचा फोन, 'आपला पाल्य आज गैरहजर आहे.' मी उलट फोन केला. म्हटलं, मी स्वतः दारात सोडलंय. ऑफिसातली मुलगी नुसतं "हो का?" म्हणाली.

आज शेजारची लॅव्हर्न आली ती दोन्ही हातांत हॉटडिश घेऊन, भट्टीत भाजलेला खिमा-भाजीचा थर. वरून बटाट्याच्या गोळ्या ओळीने लावलेल्या, काचेचं भांडं, तळाला तिच्या नावाची पट्टी. अशी हॉटडिश एकाच कारणासाठी दारात येते.

"अगं, कोण गेलं?" मी विचारलं.

तिने भांडं ओट्यावर ठेवलं. मग म्हणाली, "तू आधी दोन घास खाऊन घे."

"लॅव्हर्न, कोण गेलं?"

"भांड्याची घाई नाही, सावकाश दे," म्हणाली आणि माझा दंड दाबून गेली. तोवर समोरच्या घरून हॅमचे सँडविच आले, पाद्रीणबाईंकडून लिंबाच्या गोड वड्या. फ्रिजमध्ये जागा उरली नाही. सिग्नी जिन्यावर बसून हे सगळं बघत होती. पाद्रीणबाई तिच्या अगदी शेजारून गेल्या, कोटाची बाही तिच्या केसांना घासली. नमस्कार नाही, चमत्कार नाही. चर्चची माणसं अशी!

२६ एप्रिल, शनिवार

झगा अंगावर घालून पाहिला. कमरेत सैल. गेल्या आठवड्यात नेमका बसत होता. दोन्हीकडून आत घेतला. जेवत नसेल नीट. जेवताना तिचं ताट मी भरते, उचलते तेव्हा तसंच असतं. बोलले त्यावरून.

टाचण्या लावताना बोलायची सवय, म्हणून मीच बोलत होते, केंड्राची चेन, नेल्सचा गठ्ठा, हे ते. एक टाचणी सरळ आत गेली. मला हाताला कळलं. "अगं, टोचली का?" ती हलली नाही. टाचणी बाहेर काढली, कोरडी.

संध्याकाळी मी स्वयंपाकघरात बसून रडले. का ते नीटसं सांगता येत नाही.

२८ एप्रिल, सोमवार

नेल्स आला. टोपी हातात, तोंड उतरलेलं.

"काकू, तुम्ही तिला हाक मारली नाहीत."

"बस, सँडविच खा. घरात ढीग पडलाय."

"त्या दिवशी मी मागच्या रांगेत होतो. सगळ्यांना बोलावलं. तिची वेळ आली तेव्हा ग्वेन बाईंनी दाराकडे पाहिलं, तुम्ही आला नव्हतात. मग त्या म्हणाल्या, आपण थांबू. आणि मग कोणी तरी केक कापला." त्याने टोपी चुरगळली. "ती परत आलेली नाही, काकू."

"वर खोलीत बसलीय की, महाराणी."

"बसलीय. मी मघाशी खिडकीत पाहिली. पण नाव घेऊन, सगळ्यांसमोर, अशीच अट आहे ना? तुम्ही एकदा मारा. काय जातंय?"

"नेल्स, घरातल्या माणसाला कोणी पूर्ण नावाने हाका मारत नाही."

"मीही मारून पाहिली. माझ्याने होत नाही. आईनेच मारायला हवी. आणि लवकर." तो घुटमळला. "काल गाई पिळताना मी तिचा आवाज आठवत होतो. आठवेना. गठ्ठ्यावर नाव लिहिलंय ते वाचायला मुद्दाम इथे आलो."

पोरगा भाबडा आहे. पण जीव लावतो तिला. तो गेल्यावर मी जिन्याखाली उभी राहिले, कठड्यावर हात ठेवून. तोंड उघडलं आणि काय बाहेर पडलं? "ए बाई, जेवायला ये." वरून काही आवाज नाही. पुन्हा तोंड उघडलं, तर दारावर थाप. गिऱ्हाईक.

२९ एप्रिल, मंगळवार

शाळेत गेले, ग्वेन हॉगलंडना भेटायला. म्हटलं, झालं ते झालं, आता काय करायचं ते सांगा. पाहिजे तर तुमच्यासमोर मारते हाक, दार लावून.

"कार्यक्रम फार छान झाला यंदा," त्या म्हणाल्या. "सगळी मुलं परत आली."

"माझी?"

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्या हातावर हात ठेवला. तसा हात मला माहीत आहे. तो तिच्या बाबांच्या वेळी ठेवला होता लोकांनी. "मार्लिस," म्हणाल्या, "दुःखाला वेळ द्यावा लागतो."

"अहो, ती घरी आहे! माझी मुलगी घरी आहे!" माझा आवाज चढला. बाहेरची कारकून मुलगी दारात येऊन उभी राहिली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सॉरी म्हटलं, दोनदा, आणि उठले.

गाडीत बसून ठरवलं. शनिवारी नाचाआधीच्या मिरवणुकीत एकेक जोडपं नावानिशी पुकारतात, सगळं गाव बाकांवर बसलेलं असतं. तिथे मारीन हाक. उभी राहून. लाज गेली खड्ड्यात.

१ मे, गुरुवार

कामाचा डोंगर. केंड्राचा पुन्हा गळा. दोन मुलींचे पट्टे. हातशिलाई करून करून बोटं सुजलीत.

ओल्सेथांचा मुलगा आला होता. दारात बराच वेळ उभा. हातात फुलवाल्याची छोटी पेटी, मनगटावर बांधायच्या फुलांची. म्हणाला, "काकू, झग्याचा रंग कोणता?"

"कोणाच्या झग्याचा?"

तो गोंधळला. पेटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "मला वाटलं, तुम्ही सांगाल."

आम्ही दोघंही हसलो. काय तरी एकेक पोरं! जाता जाता अंगणातल्या गठ्ठ्यापाशी थांबला. परवाच्या पावसाने निळा रंग ओघळून नुसते डाग राहिलेत. मी ओरडून विचारलं, "तुमचा आहे का रे हा? उचलून ने की." तो म्हणाला, "असेल. बाबांना विचारतो."

शनिवारी मिरवणुकीला जाऊन काही तरी करायचं होतं. काय ते आठवत नाही. लॅव्हर्नला विचारायला हवं, कदाचित गोड वड्या न्यायच्या असतील.

२ मे, शुक्रवार

सगळे झगे गेले. दांडीवर एकच उरलाय. हिरवट निळं सॅटिन, मागे खरी बटणं. चिठ्ठी नाही. शिलाई माझीच, ते कोणी सांगायला नको. एवढ्या प्रेमाने मी गिऱ्हाइकाचा कपडा कधी शिवत नाही, आतली टीपसुद्धा दुहेरी. कोणाचा असावा?

दुपारी उत्तर मिळालं. एक मुलगी येऊन स्टुलावर उभी राहिली. दार वाजल्याचं मला कळलंच नाही. काटकुळी, फिकट, भुवया जवळजवळ नाहीतच. मी झगा काढला तर तिने हात वर केले. तिचाच.

"नाव काय गं तुझं? चिठ्ठी पडलीय कुठे तरी."

ती काही बोलली नाही. लाजाळू असतात काही. कमरेत पुन्हा आत घेतला, आणखी घेतला तर कापडच उरणार नाही. खालची कड एकसारखी केली. मग तिला उतरायला हात दिला, तर तिने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. अशी उभी राहिली, बराच वेळ. वजन असं काही जाणवलं नाही. मला हाकलावंसं वाटेना. हात आपोआप तिच्या केसांवर गेला आणि तोंडातून निघालं, "केस विंचरत जा गं बाई."

तिने मान वर करून पाहिलं. असं पाहिलं की जणू मी आणखी काही तरी बोलणार आहे. मी म्हटलं, "बिल आईकडे पाठवते."

३ मे, शनिवार

लॅव्हर्नबरोबर मिरवणूक बघायला गेले. आपण शिवलेलं चालता-फिरताना बघण्यात मजा असते. हॉल गच्च. टोकाला कागदी फुलांची कमान, मधून लाल पट्टी अंथरलेली. शाळेतले एक सर माइकवर नावं वाचतात, जोडपं कमानीतून येतं, आईबाप फोटो काढतात, टाळ्या. केंड्रा आली. चेन टिकली, देवाची कृपा. ओल्सेथांचा मुलगा कडेला भिंतीशी उभा होता, चांगल्या कोटात, हातात फुलांची पेटी. तो नाचायला आला होता की कोणाची वाट बघत होता, कळायला मार्ग नव्हता. त्यालाही नसावा.

सगळी जोडपी झाली. सरांनी माइक ठेवला. आणि कमानीत ती कालची मुलगी येऊन उभी राहिली. एकटी. हिरवट निळा झगा, त्यावर सगळे दिवे.

सरांनी कागद उलटसुलट करून पाहिला. नाव नव्हतं. त्यांनी घसा खाकरला आणि कागदाची घडी केली. नाव पुकारल्याशिवाय लाल पट्टीवर पाय ठेवत नाहीत, ती रीतच आहे. ती उभी राहिली. हॉलमध्ये इतकी शांतता झाली की दिव्यांची घूंघूं ऐकू यायला लागली.

"कोणाची गं?" लॅव्हर्न कुजबुजली.

"कोण जाणे. पण कसली आई असेल ती! पोर अशी ताटकळतेय आणि हिला उभं राहून नाव सांगता येत नाही?" मला खरोखरच संताप आला. माझी असती तर मी बाकावर चढले असते.

ती बाकांवरून नजर फिरवत होती, रांगेरांगेने, हरवलेलं शोधावं तशी. मग तिने मला पाहिलं आणि नजर तिथेच थांबली. आता तिच्या माझ्या मध्ये भिंत नव्हती, काही नव्हतं. माझ्या जिभेच्या टोकावर एक नाव आलं. छोटंसं, दोन अक्षरांचं. कुठून आलं कळेना, पण आलं. मी उठलेसुद्धा. नाव अगदी दातांपर्यंत आलं.

आणि मला वाटलं, चुकलं तर? सगळ्या गावासमोर परक्याच्या मुलीला भलत्याच नावाने हाक मारली तर? तिची आई इथेच कुठे असली तर? शेजारच्या रांगेतली माणसं वळून माझ्याकडे बघायला लागली होती. माझे कान तापले.

मी टाळ्या वाजवल्या.

कोणी तरी काही तरी केलं म्हणून सगळ्यांना हायसं वाटलं असावं. सगळा हॉल टाळ्या वाजवायला लागला, जोरजोरात, प्रेमाने. सर हसून म्हणाले, "सुंदर!" मुलीने खाली मान घातली. झगा सावरला, जमिनीला लागू नये म्हणून दोन बोटांनी, आणि वळून कमानीमागच्या पडद्याआड गेली. बटणं फार छान दिसत होती.

मी खाली बसले आणि रडायला लागले. इतकी की लॅव्हर्नने पर्समधले सगळे कागदी रुमाल मला दिले. मी चारचौघांत रडत नाही. काय झालं म्हणून तिने विचारलं, मी म्हटलं, काही नाही गं.

"प्रॉमला सगळ्याच बायका रडतात," ती म्हणाली. तिच्या म्हणण्यात तथ्य असेल.

नंतर ओल्सेथांच्या मुलाने ती पेटी माझ्या हातात दिली. "तुम्हीच घ्या काकू, मला लागत नाही." पांढरी फुलं, हिरवट निळी फीत.

५ मे, सोमवार

हंगाम संपला. जमाखर्च चांगला. आज मोठं काम उरकलं. शिवणाचं सामान पुढच्या खोलीतून वरच्या खोलीत नेलं. ही खोली इतकी वर्षं मी अशीच का ठेवली होती, देव जाणे. पलंग, कपाट, मुलीबाळीला शोभेल असा पिवळा रंग. आधीच्या मालकांनी दिला असणार. पलंग चर्चच्या विक्रीला दिला. ओल्सेथांचा मुलगा ट्रॅक्टर घेऊन गठ्ठा न्यायला आला होता, त्यानेच खाली उतरवायला हात लावला. चांगला पोरगा आहे. जिन्यात मध्येच थांबून वर बघत राहिला होता. मी विचारलं तर म्हणाला, "कोणी तरी आहे वाटलं."

लॅव्हर्न तिचं काचेचं भांडं न्यायला आली ती मदतीला थांबली. मशीन वर चढवताना दोघींचे श्वास फुलले. दम खात ती म्हणाली, "खरं सांगू मार्लिस? तुला एखादं मूलबाळ असतं ना, तर एवढं शिवण तुझ्या हातून झालं नसतं."

मी म्हटलं, तेही खरंच. मग दोघींनी मशीन खिडकीशी लावलं. या खोलीत सकाळचा उजेड फार छान येतो.